वेखंडाचे दोन वळसे

नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाच्या बाजूला आमची टपरी. रविवारी तर्रीपोहे झाले की चहा, आणि चहासोबत वाद. या रविवारी प्रमोदनं खिशातून कागदाची पुडी काढली. आत बोटाएवढा जाड तपकिरी तुकडा, अंगावर कांड्यांच्या खुणा, कुठे कुठे मुळांचे केस. पुडी सोडताच चहाच्या वाफेवर त्याचा उग्र वास चढला.

"वेखंड. इतवारीतून आणलं. पोट्ट्याच्या घुटीले. आई म्हणते रोज दोन वळसे."

प्रमोदचं पोरगं दीड महिन्याचं.

"काहून बे?" औषधाच्या दुकानात बसणारा किशोर उसळला. "अमेरिकेत 1968 पासून खाण्याच्या वस्तूंत हे टाकायला बंदी आहे. याच्या तेलातलं बीटा-असारोन उंदरांना खाऊ घातलं तं आतड्यात गाठी झाल्या."

"ते त्यांचं वेखंड असन," नंदू म्हणाला. "आपलं देशी, शुद्ध. परदेशी लोकायले आपल्या वनस्पतीचं पाहवत नाही."

हे वाक्य आमच्या कट्ट्यावर कोणत्याही विषयाला चालतं. पण या वेळी नेमकं उलटं निघालं. उत्तर अमेरिकेत जे मूळचं वेखंड उगवतं, त्यात बीटा-असारोन नसतंच. युरोपातल्यात थोडं. आपल्याकडच्या जातीच्या तेलात मात्र ते सगळ्यात जास्त, कित्येकदा निम्म्याहून वर. किशोरनं हे सांगितल्यावर नंदूनं पोह्याची रिकामी प्लेट उगाच चमच्यानं खरवडली.

गजानन बी. ए. एम. एस., आमचा घरचा वैद्य. तो इतका वेळ गप्प होता. "ग्रंथात वचा, म्हणजे हेच वेखंड, आहे, नाही कोण म्हणते? वाचेसाठी म्हणून वचा. पोरगं बोबडं बोललं की आजी वेखंड चाटवते, ते तिथूनच. पण मोठ्या माणसाची मात्रा किती? 60 ते 120 मिलिग्रॅम. एक-दोन ग्रॅम दिलं तं उलटी करवायचं औषध होते. अन् तेही शोधन करून, गोमूत्रात वगैरे उकळून. तुह्या किराणेवाल्यानं शोधन केलं का?"

"त्यानं फक्त फुंकर मारली," प्रमोद म्हणाला.

मला खरी गोम त्या 'दोन वळशां'त वाटते. वळसा म्हणजे किती? सहाण नवी खरखरीत की आजेसासूबाईंच्या काळातली गुळगुळीत, तुकडा कोरडा की ओला, हात आईचा की घाईत असलेल्या बायकोचा, यावर एका वळशात किती उतरेल ते ठरणार. जायफळही त्याच सहाणेवर, हळकुंडही. दीड महिन्याच्या, चार-साडेचार किलोच्या जिवाला हा अंदाजपंचे हिशेब मला तरी पटत नाही.

"आपण सगळे घुटीवरच वाढलो ना पण?" नंदू पुन्हा.

"तुह्याकडे पाहूनच तं भेव वाटते," किशोर.

वेखंड वाईट आहे असं कुणीच म्हटलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. आमच्याकडे तांदळाच्या कोठीत आई त्याचे तुकडे टाकायची, सोंडे लागत नसत. किडे मारतं ते मुख्यतः हेच बीटा-असारोन, असं किशोरनं सांगितलं तेव्हा मी जरा चमकलो. ज्यानं सोंडे मरतात तेच पोराच्या जिभेवर! आंघोळीनंतर टाळूला भुकटी लावायचीही रीत आहे. गजानन म्हणे, लावायचीच असेल तर चिमूटभर, नाकातोंडापासून दूर, तान्ह्याच्या छातीत भुकटी गेलेली चांगली नाही.

"मंग सर्दी झाली तं?"

"दूध पाज आईचं. सहा महिने बाकी काहीच नको, पाणीही नको. छाती भरली तं डॉक्टरकडे ने."

प्रमोदनं तुकड्याची पुडी पुन्हा बांधली. "मले पटलं रे. पण आईले कोण सांगन?"

सगळ्यांनी गजाननकडे पाहिलं.

"मी नाही बाप्पा," तो उठलाच. "माह्या घुटीत काकूनंच उगाळलं होतं."