समोरच्या बाजूला कोण बसतं

जुलै २०२५ पासून घरच्या ग्रुपवर माझी ओळख बदलली. तोवर मी ‘अ‍ॅमस्टरडॅमला मोठ्या कंपनीत’ होतो. आता ‘त्या जेन स्ट्रीटसारख्या कंपनीत’ आहे. ३ जुलैला शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने त्या अमेरिकी कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि ४,८४३ कोटी रुपये अडकवले. आरोप असा की सकाळी बँक निफ्टी या बँकांच्या इंडेक्समधले शेअर आणि फ्युचर (पुढच्या तारखेचे सौदे) जोरात घेऊन इंडेक्स वर चढवायचा, त्याच वेळी ऑप्शनमध्ये (ठरावीक मुदतीत ठरल्या भावाला घ्यायचा किंवा विकायचा हक्क) त्याहून कितीतरी मोठी मंदीची पोझिशन बांधायची, आणि दुपारी घेतलेलं विकून टाकायचं. कंपनीने आरोप नाकारले, पैसे भरले आणि अपिलात गेली. त्या कज्ज्याचं व्हायचं ते होवो. माझ्या मावसभावाच्या लेखी निकाल लागलेला आहे. अधूनमधून तो एखादी क्लिप पाठवतो, त्यात निवेदक सांगतो की परदेशी कंपन्या एसीत बसून बटणं दाबतात आणि आपल्या पोरांचे खिसे कापतात. खाली प्रश्न: ‘दादा, खरं का हे?’

मला राग येतो तो बटणांचा.

मी जेन स्ट्रीटमध्ये नाही, कधी नव्हतो. झाउदास या इथल्या ऑफिसांच्या भागातल्या एका इमारतीत ऑप्शनच्या डेस्कवर बसतो. आठच्या आत पोचतो, बावन्न नंबरची मेट्रो रखडली नाही तर. शेअर नऊला उघडतात. त्याआधी कालची पोझिशन तपासायची, रात्री अमेरिकेत काय झालं ते बघायचं, कुठल्या कंपनीच्या लाभांशाचा अंदाज बदलला, महागाईचा आकडा किती वाजता येणार, हे लावून घ्यायचं. मग दिवसभर आमची यंत्रणा युरो स्टॉक्स ५० या युरोपातल्या पन्नास बड्या कंपन्यांच्या इंडेक्सच्या शेकडो ऑप्शनवर दोन-दोन भाव मांडून बसते: इतक्याला घेऊ, इतक्याला देऊ. मधला फरक ही आमची मजुरी. ती इतकी बारीक असते की समोरच्याला आपल्याहून थोडं जास्त ठाऊक असलं, तर त्या एका सौद्यात दिवसभराचं कमावलेलं जातं. म्हणून कुणी मोठी ऑर्डर मारली की डेस्कवर आनंद होत नाही. सगळे सावध होतात. याला असं काय कळलंय, जे आपल्याला कळलेलं नाही?

बटण दाबायची वेळ येते तो दिवस वाईट असतो. सगळ्यात महत्त्वाचं बटण सगळं बंद करायचं, आणि ते का असतं हे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटलने आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवला नव्हता. त्या एकावरचं जुनं मढं, कधीच बाद झालेला कोड, जागं झालं आणि ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर गेले. कंपनी त्यातून सावरली नाही. २ मे २०२२ ला सिटी या अमेरिकी बँकेच्या लंडनमधल्या एका ट्रेडरला ५.८ कोटी डॉलरचे शेअर विकायचे होते, भरला गेला ४४४ अब्जांचा आकडा. सातशेवर इशारे एकाच खिडकीत आले, त्यातले वरचे थोडेच दिसत होते. बराचसा भाग नियंत्रणांनी अडवला, तरी १.४ अब्जांची विक्री होऊन गेली आणि स्टॉकहोमचा बाजार काही मिनिटांत कोसळला. हे असले किस्से आमच्याकडे पुराणासारखे सांगतात. मावसभावाला यातलं एकही माहीत नाही. त्याच्या डोक्यात आम्ही कॅसिनोचे मालक आहोत.

मुलाखतीत तोंडी गणितं घालतात, ८ मिनिटांत ८०, चुकलं की गुण वजा. त्यानंतर प्रश्न येतो: या खोलीतल्या सगळ्यांच्या वयाची बेरीज किती? नेमकं उत्तर कुणालाच नको असतं. तुम्ही खालचा आणि वरचा असे दोन भाव द्यायचे, आणि समोरचा तुमच्याशी सौदा करणार. मार्केट मेकिंग म्हणजे एवढंच. आपल्याला नक्की माहीत नाही हे मान्य करायचं, किती माहीत नाही तेवढी रुंदी ठेवायची. घरच्या ग्रुपवर कुणी कधी दोन भाव देत नाही. तिथे सगळ्यांना नेमका आकडा ठाऊक असतो.

आणखी एक सांगतो, फुशारकी वाटली तर वाटो. आमच्या डेस्कवर बावीस वर्षांचं पोरगं पार्टनरला तोंडावर सांगतं की तुझी व्होलॅटिलिटी (भाव किती हलेल याचा अंदाज; तो वर ठेवला की ऑप्शन महागतो) चुकली आहे, आणि पार्टनर खुर्ची वळवून बघतो की खरंच चुकली का. तोटा झाला की त्याचा अहवाल लिहायचा, सगळ्यांनी वाचायचा, नावानिशी. शिक्षा होत नाही. लपवलं तर मात्र नोकरी जाते. माझी पहिली नोकरी मुंबईत होती. तिथे साहेबाचा आकडा चुकला की आम्ही आमचे आकडे त्याच्याशी जुळवून घ्यायचो. अर्थात त्या ऑफिसात मी आजारी पडलो तेव्हा अख्खा विभाग हॉस्पिटलात आला होता. इथे मेसेज येतो: बरा झालास की कळव. पण तो विषय वेगळा.

मुख्य मुद्दा तोट्याचा. सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास आहे. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के बुडाले, मिळून १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. मावसभाऊ हा आकडा माझ्या तोंडावर फेकतो. त्याच अभ्यासात पुढे आहे की या लोकांनी तीन वर्षांत ५० हजार कोटींच्या आसपास नुसत्या व्यवहारखर्चात घातले आणि त्यातला निम्मा ब्रोकरेज होता. ज्यांनी तुमच्या खिशात ॲप घातलं, जे क्रिकेटच्या सामन्याच्या मध्ये जाहिरात दाखवतात, त्यांच्यावर क्लिप का नाही? आठवड्याच्या पाचही दिवशी कुठल्या ना कुठल्या इंडेक्सची एक्स्पायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायचा दिवस, ठेवायची हे काय अ‍ॅमस्टरडॅमहून कुणी सुचवलं होतं? नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने एका एक्स्चेंजला एकच साप्ताहिक एक्स्पायरी ठेवली, तेव्हा ओरड कुणी केली? (रोज संपणारे ऑप्शन इथेही निघालेत, ते सोडा.)

मग मी युरोपाचं उदाहरण दिलं. २०१८ साली इथल्या नियामकाने सामान्य माणसाला बायनरी ऑप्शन (भाव वर की खाली, अशी हो-नाहीची पैज) विकायलाच बंदी केली, सीएफडीवरची (नुसत्या भावफरकावरचे सौदे) उधारी आवळली, आणि कंपन्यांना जाहिरातीत ठळकपणे लिहायला लावलं की आपल्याकडची किती टक्के खाती तोट्यात जातात; नियामकांच्या पाहणीत हा आकडा ७४ ते ८९ टक्के होता. ग्रुपवर हे लिहिल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. भारतातही २०२३ पासून ब्रोकरच्या ॲपवर ‘दहापैकी नऊ जण तोट्यात’ ही पाटी सक्तीची आहे, हे मी लिहिलं नाही. कुणी विचारलंही नाही. पाटी इथेही कुणी वाचत नाही.

माझे काका दलाल स्ट्रीटवर एका दलालाकडे नोकरीला होते. रिंगमध्ये, म्हणजे सौद्यांच्या आवारात, जॉबर दोन्ही भाव ओरडायचे, घ्यायचा आणि द्यायचा, आणि काका त्यांच्याशी हातवाऱ्यांनी सौदे करायचे. १९९५ ला बोल्ट ही मुंबई शेअर बाजाराची संगणक यंत्रणा आली, पडद्यावर भाव दिसू लागले आणि रिंग ओस पडली. मी करतो ते त्या जॉबरांचंच काम आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्येही १९७८ ला ऑप्शनचा बाजार असाच ओरडत सुरू झाला आणि ऐंशीच्या दशकात त्याच फ्लोअरवरून ऑप्टिव्हर, आयएमसी अशा कंपन्या उभ्या राहिल्या. मात्र काकांना कुणी लुटारू म्हटलं नाही. जुगारी म्हणायचे. त्यांच्या लग्नाला उशीर झाला तो त्यापायीच, असं आजी सांगायची. आज त्याच घरात डिसेंबर आला की आयआयटीच्या कुठल्याशा मुलाला ट्रेडिंग कंपनीने कोटींचं पॅकेज दिल्याची बातमी फिरते, खाली टाळ्या वाजवणारे हात. ते कोट कुठून आले हे तेव्हा कुणी विचारत नाही.

मला विचारतात ते मात्र टिप. माझी अडचण अशी की मला स्वतःला ऑप्शन घ्यायची परवानगी नाही. साधा शेअर घ्यायचा तर आधी कम्प्लायन्सची (नियम पाळले जातात का ते बघणारा विभाग) मंजुरी, मग ठरावीक मुदत विकायचा नाही. फोन रेकॉर्ड होतो, चॅट साठवलं जातं. हे सांगितलं की घरच्यांना वाटतं मी टाळतोय.

एवढं सगळं बोलूनही एक आकडा उरतो. त्याच अभ्यासात सेबीने लिहिलंय: २०२३-२४ मध्ये प्रॉप कंपन्यांनी (स्वतःच्याच पैशाने सौदे करणाऱ्या) ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी २८ हजार कोटींचा ढोबळ नफा केला, आणि त्यातला ९६-९७ टक्के अल्गोरिदमने. तो पैसा आकाशातून पडला नाही. ब्रोकरचं पाप वेगळं, पण उरलेलं आमच्यासारख्या खुर्च्यांकडेच आलं. मजुरी म्हणा, फरक म्हणा. मी इथे युरोपाचे ऑप्शन बघतो, म्हणून माझ्यासमोर पेन्शन फंड असतात, बँका असतात, दुसऱ्या कंपन्यांचे अल्गो असतात. त्यांच्यात कुणी बुडालं तर ते मला ‘दादा’ म्हणणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी बिअर घेताना डेस्कवर हा विषय निघत नाही. शेजारीण समजते मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिचा समज मी दुरुस्त केलेला नाही.

गेल्या वर्षी मुंबईच्या ऑफिसात भारतीय ऑप्शन बघायला जागा निघाली. मॅनेजरने आधी मला विचारलं. भाषा येते, माणसं माहीत आहेत, आईही तिकडेच आहे. मी मुलीच्या शाळेचं कारण सांगितलं. कारण खोटं नाही, म्हणून ते लगेच पटलं. त्याच सुमारास मावसभावाने एकट्या मला लिहिलं होतं की त्याच्या धाकट्या भावाने, संकेतने, ऑप्शनमध्ये साडेचार लाख घालवले, घरी कुणाला माहीत नाही, ग्रुपवर बोलू नकोस. मी पैसे पाठवले. क्लिपा त्यानंतरही येत राहिल्या, मीही ग्रुपवर उत्तरं देत राहिलो.

मुंबईला शेवटी आमच्यातला एक डच मुलगा गेला. हुशार आहे, मराठीचे दोन शब्द माझ्याकडून शिकून गेला. परवा कॉलवर सांगत होता की एक्स्पायरीच्या दिवशी तिथे उलाढाल प्रचंड असते, लहान लहान ऑर्डरी सारख्या येत राहतात, आणि त्या कोण टाकतं हे कळत नाही. मी त्याला म्हटलं, व्होलॅटिलिटी थोडी वर ठेव.