पुढचा टायर अजून नवाच आहे

ताशी वीस किलोमीटर हा काही पडण्याचा वेग नव्हे. शर्यतीच्या तोंडवळ्याची मोटारसायकल घेऊन माणसाने पडायचेच ठरवले, तर ताम्हिणी घाटातल्या एखाद्या वळणावर, धुक्यात, गुडघा जमिनीला टेकता टेकता पडावे, म्हणजे पुढे दहा वर्षे ती हकीकत लग्नकार्यात सांगता येते. मी पडलो तो 2023च्या जून महिन्यात, पुण्याच्या नळ स्टॉप चौकात, कोथरूडकडून येऊन डावीकडे लॉ कॉलेज रस्त्याला वळताना, पहिल्या पावसाच्या पहिल्या दहा मिनिटांत, पादचाऱ्यांसाठी आखलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि पाठीवरच्या पिशवीत अर्धा किलो चक्का असताना. पुढचे चाक, कोणीतरी हाक मारल्यासारखे, मला काही न सांगता उजवीकडे निघून गेले आणि मी व गाडी डाव्या कुशीवर पडून पुढच्या रिक्षाच्या चाकापर्यंत सावकाश घसरत गेलो.

पुण्यात माणूस पडला की त्याला उठवायला दोघे येतात आणि तो का पडला हे सांगायला सहा. त्यांतल्या एका आजोबांनी छत्री न मिटता, खाली वाकून, ‘पुढचा ब्रेक दाबलात ना?’ असे विचारले, तेव्हा त्यांचा सूर ‘गृहपाठ केला नाहीस ना?’ असे विचारणाऱ्या मास्तरांचा होता. मी दाबला होता. कोपर आणि गुडघा सोडल्यास मला काही झाले नव्हते आणि चक्काही शाबूत होता. गाडीकडे मात्र मला बघवेना, कारण तिचा डावा इंडिकेटर एका वायरीला लोंबकळत होता आणि तशाही अवस्थेत तो, मला डावीकडे वळायचे आहे हे जगाला सांगत, इमानाने उघडमीट करत होता.

ही गाडी मूळची माझ्या पुतण्याची. तो 2019 साली जर्मनीला गेला आणि जाताना ‘काका, दीडशे सीसीचीच आहे, तुम्हांला सहज झेपेल’ असे सांगून किल्ली माझ्या हातात ठेवून गेला. आयुष्यभर स्कूटरवर ताठ बसलेल्या माणसाला या गाडीवर नमाज पढल्यासारखे ओणवे व्हावे लागते, हे त्याने सांगितले नव्हते. तरीही सिग्नलला शेजारच्या रिक्षातले शाळकरी पोर ‘काय भारी गाडी’ म्हणाले की कंबर दुखायची थांबत असे. 2021 मध्ये मागचा टायर पार गोटा झाला, तेव्हा मेकॅनिक म्हणाला होता, ‘काका, पुढचापण बदलून टाका.’ मी वाकून पुढच्या टायरची नक्षी पाहिली. ती अशी खोल आणि रेखीव होती, की आत बोटाचे पेर जावे. ‘अरे, पुढचा अजून नवाच आहे,’ असे मी त्याला त्या दिवशी सांगितले आणि वाचलेल्या पैशांचे दोन दिवस मनातल्या मनात कौतुक केले.

शर्यतीच्या ढंगाची छोटी मोटारसायकल पडते तेव्हा ती साधी मोटारसायकल पडल्यासारखी पडत नाही. साध्या गाडीला आडव्या लोखंडी नळीचे एकच हँडल असते. ते वाकले तर मेकॅनिक दोन पायांत चाक धरून ते पुन्हा जागेवर आणतो आणि वर चहा पितो. माझ्या गाडीला हँडलचे दोन स्वतंत्र तुकडे आहेत, एकेक तुकडा एकेका शॉकअपच्या नळीला आवळलेला, आणि त्यांतला डावा आता मला नमस्कार करत होता. क्लच लिव्हरचे टोकाकडचे बोंड तुटले होते. गिअरचा पेडल इंजिनाला जाऊन चिकटला होता. फुटरेस्टने अंग चोरले होते. आरसा कुठे गेला हे आजतागायत कळलेले नाही. सगळ्यांत वाईट गत अंगावरच्या प्लास्टिकची झाली होती. डाव्या फेअरिंगवर, म्हणजे त्या बाजूच्या प्लास्टिकच्या आवरणावर, हातभर ओरखडा होता, पण खरे दुखणे आतल्या बाजूला होते: ते पॅनल ज्या चार नाजूक कानांवर टांगलेले असते, त्यांतले तीन कान उडाले होते. कान गेला की पॅनल गेले, कारण या गाड्या बाहेरून कितीही बलदंड दिसल्या, तरी त्यांचे सारे सौंदर्य नखाएवढ्या प्लास्टिकवर टांगलेले असते.

मी अधिकृत दुकानाच्या सुट्या भागांच्या खिडकीशी गेलो. तिथल्या माणसाने संगणकावर गाडीचे चित्र उघडले. त्या चित्रात गाडीचा प्रत्येक भाग दुसऱ्यापासून वीतभर अंतरावर हवेत तरंगत होता आणि प्रत्येकाला बाणाने आकडा दिला होता. पडल्यावर माझी गाडी जशी दिसायला हवी होती, तशी ती कंपनीने आधीच काढून ठेवली आहे असे मला वाटले. मग कळले की ‘डावे पॅनल’ नावाची एक वस्तू नसतेच. पॅनल वेगळे, त्यावरचे स्टिकर वेगळे, आतली काळी जाळी वेगळी, स्क्रू वेगळे, स्क्रूखालची रबरी बुचे वेगळी आणि त्या बुचांतली धातूची नळकांडी वेगळी. पॅनल लाल रंगात बंद झाले होते, निळ्यात होते. स्टिकर लाल गाडीचे होते, निळ्याचे नव्हते. सगळे मागवायचे तर आगाऊ पैसे भरून तीन आठवडे थांबायचे होते. मी पैसे भरले. तीन आठवड्यांनी सहा बुचे आली. त्यांतली दोन उजव्या बाजूची होती.

मधल्या काळात विम्याचा विचार केला. कागदपत्रे नीट वाचल्यावर समजले की साध्या विम्यात लोखंडाचा घसारा, म्हणजे जुनेपणापोटी कापली जाणारी किंमत, गाडीच्या वयाप्रमाणे हळूहळू वाढत जातो, पण प्लास्टिक, रबर आणि नायलॉन यांची किंमत पहिल्या दिवसापासूनच निम्मी धरतात. माझी गाडी बहुतांशी प्लास्टिकचीच असल्यामुळे विमा कंपनीच्या लेखी ती शोरूममधून बाहेर पडतानाच अर्धी झालेली होती. शिवाय तीन वर्षे दावा न केल्याबद्दल हप्त्यात 35 टक्के सूट मिळत होती, तीही गेली असती. दोन्ही बाजूंचे गणित मांडून पाहिल्यावर मी दावा न करण्याचे ठरवले आणि नाना पेठेत गेलो.

नाना पेठेत दुचाकीचा प्रत्येक भाग मिळतो, फक्त तो कोणत्या गाडीचा हे आपल्याला नेमके सांगता यावे लागते. पहिल्याच दुकानदाराने गाडीचे नाव, साल आणि व्हर्जन विचारले. व्हर्जन मला ठाऊक नव्हते, तेव्हा ‘मागचे सीट एक की दोन?’ असे त्याने विचारले. आणि ते सांगताना मी चाचरलो, तशी त्याने माझ्याकडे, स्वतःच्या मुलाची इयत्ता न आठवणाऱ्या बापाकडे पाहावे तसे पाहिले. लिव्हर लगेच मिळाला, तोही तीन प्रकारांत: ओरिजिनल, लोकल आणि ‘ओरिजिनलसारखा लोकल’. गिअर पेडल आणि हँडलचा तुकडाही मिळाला. पॅनलसाठी त्याने मला जुना बाजार सुचवला.

बुधवारी ऑफिसला अर्धी रजा टाकून मी जुन्या बाजारात गेलो आणि तिथे मला माझ्या गाडीची लाल पॅनले एकावर एक रचलेली दिसली, तेव्हा हातगाडीशेजारीच मी हात जोडले. पण ती सगळी उजव्या बाजूची होती. डावे एकही नव्हते. विक्रेता शांतपणे म्हणाला, ‘डावं येतंच नाही साहेब. स्टँड डावीकडं, रस्त्याची कड डावीकडं, सगळी डावीकडंच पडत्यात.’ आजवर मी माझ्या पडण्याला वैयक्तिक दुर्दैव समजत होतो. ती शहराची सामुदायिक परंपरा आहे हे त्या ढिगाकडे पाहून प्रथम उमगले. पुतण्याला फोनवर हे सांगितले, तर तो हसून म्हणाला की ट्रॅकवर जाणारी मुले कंपनीचे प्लास्टिक काढून घरी ठेवतात, फायबरचे साधे आवरण चढवतात आणि पडल्यावर त्याला भोके पाडून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी टाके घालतात. मला हे चार वर्षांपूर्वी कळले असते, तर मीही दही-चक्का आणायला फायबर चढवूनच गेलो असतो.

शेवटी टाकेच घालायचे ठरले. प्लास्टिक वेल्डिंग करणाऱ्या एका कारागिराने तापलेल्या सळईने तुटलेले कान परत बसवले, चिरेवर तारेचे आडवे टाके रुतवले आणि वरून लाल रंग मारला. तो लाल मूळ लालापेक्षा किंचित अधिक लाजरा आहे. पॅनल घेऊन मी मेकॅनिककडे गेलो. त्याने ते बाजूला ठेवले, पुढच्या चाकाशी बसकण मारली आणि टायरमध्ये अंगठ्याचे नख रोवून पाहिले. नख रुतले नाही. मग त्याने कडेवरचा एक छोटा लंबगोल पुसला आणि मला आकडा वाचायला लावला: 3814.

हा आकडा गेली चार वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो कारखान्याचा काहीतरी क्रमांक समजत होतो. त्याचा अर्थ 2014 सालचा 38वा आठवडा. टायर जवळजवळ नऊ वर्षांचा होता, त्यांतली निम्मी वर्षे पुतण्याच्या इमारतीखाली उन्हात उभी गेलेली. मेकॅनिकने समजावले की रबर रस्त्याला धरते ते नक्षीमुळे नव्हे. नक्षी पाणी बाजूला सारायला असते. धरते ते मऊपणामुळे, खडीच्या बारीक खाचांत शिरून. ऊन, हवा आणि वय यांनी तो मऊपणा गेला की टायर झिजतही नाही आणि धरतही नाही. म्हणजे ज्या नक्षीचा मला अभिमान होता, ती टिकली होती ती टायर दगड झाल्यामुळेच.

मी पहिल्या पावसावर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर थोडा दोष ढकलून पाहिला. त्याने तो मान्य केला: महिनोन्‌महिने साचलेले तेल आणि धूळ पहिल्या सरीत वर येते, आणि पट्ट्यांच्या रंगाला खडीचा खरखरीतपणा नसतो. पण पकड ही पगारासारखी असते, असे तो म्हणाला. जेवढी आहे तेवढ्यातच ब्रेकचेही भागवायचे आणि वळणाचेही. मी पेन्शनीत निघालेल्या टायरकडे एकाच वेळी दोन्ही खर्च मागितले होते. माझी गाडी 2019च्या एप्रिलमध्ये सव्वाशे सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची होण्याआधीची, त्यामुळे मधे पडायलाही कोणी नव्हते.

घरी आल्यावर मी हे सगळे बायकोला सांगितले. तिने फोनवर 2014चे पंचांग काढले आणि सप्टेंबरचा तो आठवडा बोटाने दाखवत म्हणाली, ‘अहो, ऐन पितृपक्षातला आहे हा.’ रबराच्या रसायनशास्त्राबद्दल तिला त्यानंतर काही ऐकायचे नव्हते.

नवा टायर बसला. पैसे देऊन मी किल्ली फिरवली, तेवढ्यात मेकॅनिक मागून ओरडला, ‘काका, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून बरं का! नव्या टायरला वरून चकाकी असते, ती जाईपर्यंत घसरतो.’ जुना टायर जुना म्हणून घसरतो आणि नवा नवा म्हणून, हे ऐकल्यावर मी पावसातून घरापर्यंत अशा वेगाने आलो, की आमच्याच सोसायटीतल्या जोशी काकू स्कूटीवर मागच्या सीटवर कोथिंबिरीची जुडी ठेवून मला ओलांडून गेल्या आणि वळून ‘बरं आहे ना सगळं?’ असे विचारत्या झाल्या.

जुना टायर मी गच्चीवर नेऊन आडवा ठेवला आणि त्यात माती भरून गवती चहा लावला. परवा खालच्या मजल्यावरचे शेजारी कपडे वाळत घालायला आले होते. त्यांनी गवती चहाची पाती बाजूला केली, वाकून नक्षीवरून बोट फिरवले आणि खऱ्या हळहळीने म्हणाले, ‘अहो, काढलात कशाला? हा तर अजून नवाच आहे.’