एल साल्वाडोर आणि बिटकॉइन: त्या मेसेजबद्दल खुलासा

"एल साल्वाडोरने डॉलर बंद केला, आता तिथे सगळे व्यवहार बिटकॉइनमध्येच, गरीब देशांनी हेच करायला हवं" असा मेसेज फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो न तपासता पुढे पाठवला होता, चूक माझीच, म्हणून हे लिहितेय.

डॉलर कधीच बंद झाला नाही. तो तिथे 2001 पासून आहे आणि आजही आहे. 7 सप्टेंबर 2021 ला बिटकॉइन, म्हणजे इंटरनेटवरचं डिजिटल चलन, कायदेशीर चलन म्हणून त्याच्या जोडीला आलं, आणि त्यासाठीच्या कायद्याच्या कलम 7 नुसार दुकानदाराला ते घेणं सक्तीचं होतं. बिटकॉइन वापरण्यासाठीच्या सरकारी चिवो अ‍ॅपवर 30 डॉलर बोनस मिळायचा, पण तो खर्च झाल्यावर बहुतेकांनी अ‍ॅप वापरणंच सोडलं, हे अर्थशास्त्रज्ञांच्या घरोघरी केलेल्या सर्व्हेत दिसलं.

मग डिसेंबर 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी (IMF) 1.4 अब्ज डॉलरच्या कर्जाचा करार ठरला आणि जानेवारी 2025 मध्ये संसदेने कायदा बदलला, आता बिटकॉइन घेणं ऐच्छिक आहे आणि कर त्यात भरता येत नाही. मूळ कायदा राष्ट्राध्यक्ष बुकेले यांच्या पक्षाच्या बहुमतावर काही तासांत पास झाला होता, आणि मला खरा धोका इथेच वाटतो, कारण जे इतक्या घाईत येतं ते कर्जाच्या एका अटीवर बदलतंही. मध्य आफ्रिकन प्रजासत्ताकानेही बिटकॉइनला कायदेशीर चलन करण्याचा एप्रिल 2022 चा निर्णय वर्षभरात मागे घेतला.

कायदा, दुरुस्ती, नाणेनिधीचं निवेदन सगळं जाहीर आहे, मी ते वाचूनच लिहितेय. प्लीज जुना मेसेज पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हे कळवा.