पाऊस झोडपतो, मदत मात्र 'देण्यात येते'

आज सकाळी पेपर वाचला आणि डोकंच फिरलं. तासगावकडच्या द्राक्षबागांची बातमी. 'अवकाळीने झोडपले', 'गारपिटीने तोंडचा घास हिरावला'. आणि खाली नेहमीचं: 'पंचनामे करण्यात येतील, मदतीबाबत निर्णय घेण्यात येईल.'

पावसाला कर्तेपण आहे, गारपिटीला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेलाही होतं. 'कृष्णेने धोक्याची पातळी ओलांडली' म्हणून सगळे ओरडत होते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ती पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. पण धरणाचा विसर्ग? तो 'वाढवण्यात आला'. कुणी वाढवला? खालच्या गावांना कधी कळवलं?

पाणी ओसरल्यावर आम्ही भिलवडीला मामांकडे गेलो. घरात गुडघाभर गाळ, कणगीतल्या ज्वारीला मोड आलेले, वास सोसवत नव्हता. एक साहेब फाईल घेऊन आले. "मदत देण्यात येईल, मामा." मामा म्हणाले, "देण्यात येईल नको. तुम्ही देताय का, तेवढं सांगा." साहेब मोबाईलमध्ये बघायला लागले.

जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञानं १९५५ साली हार्वर्डच्या व्याख्यानांत हेच मांडलं. काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती उच्चारणं हीच कृती असते. 'मी वचन देतो' म्हटलं की माणूस बांधला जातो. पण अधिकार नसलेल्यानं म्हटलं तर ती कृती फसते. मग 'देण्यात येईल'मध्ये बांधला कोण गेला? कुणीच नाही. सातवी शिकलेल्या माझ्या मामांनी ते एका दमात पकडलं.

आता कुणी म्हणेल, सरकारी भाषा अशीच असते, साहेब बदलतात, खातं राहतं. असेल. मग खात्याचं नाव तरी घाला ना!

आणि फ्रेंच विचारवंत मिशेल फुको विचारायचा तसं, कुणाचं बोलणं ज्ञान ठरतं? धरणातून सोडलेल्या पाण्याचा क्युसेकमधला आकडा ही 'माहिती'. 'पाणी यंदा लई झपाट्यानं चढतंय' हे मामांचं बोलणं 'अफवा'. त्या 'अफवे'वर विसंबून त्यांनी म्हशी आदल्या रात्रीच हलवल्या, म्हणून वाचल्या.

गावोगावच्या वार्ताहरांवर माझा राग नाही. तुटपुंज्या मानधनावर धावतात बिचारे, प्रेसनोट येते तशी लावतात. पण डेस्कवर बसणाऱ्या मित्रांनो, तुम्हाला हे सगळं कळतं. उद्या 'करण्यात येईल' आलं की फोन उचला, कोण करणार आणि कुठल्या तारखेपर्यंत ते विचारा. उत्तर नाही मिळालं तर तेही छापा, पहिल्या पानावर.