पहिला येणारा हरतो म्हणे!

‘यॉटिंग म्हणजे श्रीमंतांची लबाडी. पहिला येतो तो हरतो, रेंगाळणारा कप नेतो. मुद्दाम हरत राहा, रेटिंग सैल होतं!’ हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवरून नुकतीच शिडाची होडी शिकू लागलेल्या भाचीपर्यंत पोचला. ती विचारते, मग सराव कशाला करायचा?

फॉरवर्डचा पुरावा आहे ऑस्ट्रेलियातली शिडाच्या होड्यांची शर्यत, सिडनी-होबार्ट २०२३. ‘लॉकनेक्ट’ ५१ सेकंदांनी पहिली आली आणि टॅटरसॉल कप मिळाला ‘अलाइव्ह’ला. बरोबर आहे, पण तिथे पहिलं पोचण्याचा मान वेगळा आणि हँडिकॅपचा, म्हणजे होडीच्या वेगाच्या आकड्यावरून (रेटिंगवरून) वेळ दुरुस्त करून दिलेला, टॅटरसॉल कप वेगळा, हे सोयीस्करपणे गाळलंय. २००५ आणि २०१२ मध्ये ‘वाइल्ड ओट्स इलेव्हन’ पहिली आली, शर्यतीचा विक्रम मोडला आणि हँडिकॅपचा कपही तिनेच नेला. हँडिकॅप पहिल्याला पाडण्यासाठी असता तर हे दोनदा घडलंच नसतं.

खरा घातक सल्ला ‘हरत राहा’ हा. अमेरिकेतल्या पीएचआरएफ या हँडिकॅप पद्धतीत रेटिंग होडीला असतं, खलाशांना नाही. बूड स्वच्छ, शिडं चांगली आणि हात सराईत, असं धरूनच सागरी मैलामागे इतक्या सेकंदांची सवलत हा आकडा ठरतो. बुडाला शेवाळ धरलं, जिब (पुढचं शीड) ताणून पोटाळली, टॅक (वाऱ्याकडे वळण घेणं) चुकला, तर त्याचा एक सेकंदही परत मिळत नाही. उलट ठरल्यापेक्षा मोठा जेनोआ (मोठं पुढचं शीड) लावला किंवा इंजिनाच्या स्थिर पंख्याच्या जागी मिटणारा पंखा बसवून कळवलं नाही, तर प्रोटेस्ट, म्हणजे तक्रार होऊन निकालातून बाद. प्रत्येक शर्यतीनंतर आकडा हलवणाऱ्या पद्धतीही आहेत, ब्रिटनमधली एनएचसी त्यातली. तिथे अशा लबाडीला थोडा वाव आहे, हे कबूल.

‘हँडिकॅपचं सूत्र गुप्त असतं’ असंही म्हणतात. आयआरसी या पद्धतीचं आहे, डिझायनरांनी पळवाटा शोधू नयेत म्हणून. ओआरसी या दुसऱ्या पद्धतीचं खुलं आहे. पुढे.

एक तक्रार मात्र रास्त आहे, आणि फॉरवर्डवाल्याला तीच सुचली नाही. समजा दोन होड्यांचं पीएचआरएफ रेटिंग ७२ आणि १६८ (आकडा मोठा तितकी होडी संथ), अंतर १० सागरी मैल. अंतरावर हिशेब केला तर संथ होडीला ९६ × १० = ९६० सेकंद, म्हणजे १६ मिनिटं मिळतात, वारा कसाही असो. ६५० भागिले (५५० + रेटिंग) या गुणकाने वेळेवर हिशेब केला, तर वेगवान होडीला १ तास ४० मिनिटं लागली तेव्हा सवलत साधारण साडेपंधरा मिनिटं. वारा पडून तिला ३ तास लागले तर जवळजवळ २८. म्हणजे मंद वाऱ्यात अंतराचा हिशेब छोट्या होडीला मारतो. म्हणून कुठला हिशेब लागू आहे, ते सूचनापत्रकात शर्यतीआधीच वाचावं.

होबार्टजवळ डर्वेंट नदीत रात्री वारा पडतो. मोठी होडी त्याआधी आत शिरते, छोटी बाहेर डुलत बसते. त्यावर मात्र कुठल्याच सूत्राकडे इलाज नाही.