काकू आजारी पडत नसतात

घरी पाळणाघर काढलंत, चांगलं केलंत. आता एकच नियम पाळा: आजारी पडू नका. ताप, जुलाब, धरलेली कंबर, ठणकणारी दाढ, मध्यरात्री ॲडमिट करावे लागलेले सासरे, गावाकडचं बारावं, यातलं काहीही सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात या वेळात तुमच्या घरात घडायचं नाही, हे धरूनच पालक मूल आणून सोडतात. तुम्हीही तेच धरून चाला. दोन्हीकडून एकमत असलं की कागदावर काही लिहावं लागत नाही.

एखादी शंकेखोर आई पहिल्याच भेटीत विचारते, "काकू, तुम्हालाच बरं नसेल तेव्हा काय?" तिला सांगा, "अगं, आजवर एक दिवस बंद ठेवलेलं नाही." ती निर्धास्त होते, तुम्हीही होता. खरं तर तिला हवं होतं ते असं: बदली कोण येणार, तिला एकटीला किती मुलं झेपतात, मूल तुमच्याच घरी राहणार की तिच्या, आणि हे सकाळी किती वाजेपर्यंत कळणार. एवढं सगळं सांगायचं तर आधी ते ठरवावं लागतं. त्या भानगडीत पडू नका.

बदलीसाठी शेजारच्या वहिनी आहेतच. त्या दिवसभर घरी असतात, म्हणजे मोकळ्याच असतात, असा हिशेब करा. त्यांना आधी विचारू नका. विचारलं तर त्या नाही म्हणण्याचा धोका असतो, आणि मग दुसरं कोणी शोधावं लागतं. पैशांचा विषय तर मुळीच नको, आपलेपणाला गालबोट लागतं. थेट त्या दिवशी सव्वासातला बेल वाजवा आणि एक रांगतं, एक नुकतं चालणारं, एक शी सांगायला शिकतंय असं आणि दोन मोठी, अशी पाच मुलं त्यांच्या हवाली करा. एका बाईला ही पाच झेपत नाहीत हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. म्हणून तर तुम्ही स्वतः दुपारी मदतनीस ठेवली आहे. पण वहिनींना ते आत्ताच सांगण्याची गरज नाही.

मुलांनाही त्यांची ओळख आधीपासून नको. सात-आठ महिन्यांच्या बाळाला परका चेहरा कळू लागतो, ती धास्ती बऱ्याच मुलांत दीड-दोन वर्षांपर्यंत टिकते, आणि पाळणाघरातली बरीचशी मुलं नेमकी याच वयाची. असं बाळ नव्या हातातली बाटली तोंडात घेत नाही, झोपत नाही, रडून रडून ओकतं. यावरचा उपाय कंटाळवाणा आहे. बदली बाईला महिन्यातून दोन सकाळी बोलवायचं. पहिल्यांदा तिने नुसतं जमिनीवर बसायचं, मग तुमच्यादेखत भरवायचं, मग झोपवायचं, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला तुम्ही तासभर भाजी आणायला निघून जायचं. त्या वेळेचे तासावर पैसे द्यायचे. शिवाय तिचं आधार कार्ड, पोलीस पडताळणी, पालकांशी एकदा भेट. थोडक्यात, आजार नसताना आजारपणाचा खर्च. कोणी सांगितलाय?

चार इमारती सोडून आणखी एक काकू पाळणाघर चालवतात. त्यांच्याशी बोलू नका, त्या तुमची गिऱ्हाइकं पळवतील. दोघींनी एकमेकींसाठी अडीअडचणीला दोन-दोन जागा धरून ठेवल्या, दर आधीच ठरवला, आणि 'आलेलं मूल कायमचं ठेवून घ्यायचं नाही' एवढं साधं वचन दिलं, तर पाचातली दोन तिकडे जातात, दोघांच्या आया त्या दिवशी घरून काम करतात, उरलेलं एक वहिनींकडे सुखाने राहतं. गणित इतकं सरळ सुटलं तर धावपळीला वाव कुठे उरतो?

मुलांची माहिती डोक्यात ठेवा, कागदावर अजिबात नको. कोणाला अंड्याची ॲलर्जी, कोणाला तापात झटके येऊन गेलेत, कोण झोळीतच झोपतं आणि कोण पोटावर थोपटल्याशिवाय नाही, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. १०२ ताप असताना ते तुम्ही वहिनींना फोनवर सांगालच, एकामागून एक, आरव आणि आरुष यांची अदलाबदल न करता. प्रत्येक मुलाचा एक कागद करून, त्यावर फोटो, वजन, ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर आणि न्यायला येणाऱ्या माणसांची नावं लिहून तो फ्रीजच्या दारावर लावला, तर फ्रीज वाईट दिसतो.

वजनाचं विशेषच काही नाही. तापाचं औषध सगळ्यांना "एक चमचा" देतातच. पॅरासिटामॉल वजनावर मोजतात, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, ही डॉक्टरांची हौस समजा. बाटल्यांकडेही बघू नका. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे तर ५ मिलीत १२५ असलेल्या सिरपचे ६ मिली होतात, ५ मिलीत २५० असलेल्याचे ३ मिली, आणि ड्रॉप्स असतील, ज्यांत एका मिलीतच १०० असतात, तर फक्त दीड मिली. तिन्ही गुलाबी, तिन्हींवर हसरं बाळ. वहिनींनी "काकू सहा मिली म्हणाल्या" हे लक्षात ठेवून ड्रॉप्सची बाटली उचलली, की चौपट औषध पोटात जातं. हे टाळायचं तर औषध फक्त पालकाने त्या दिवशी लिहून दिलेलंच, बाटलीवर मुलाचं नाव, सोबत त्याच बाटलीची सिरिंज, आणि दिलेली वेळ वहीत, अशी शिस्त लागते. बदली बाईने मनाने कुठलंच औषध द्यायचं नाही, असा नियम तर भलताच कडक वाटतो.

आईचं काढून ठेवलेलं दूध असेल तर डब्यावर तारीख-वेळ घालू नका. ते २५ अंशांच्या खोलीत चार तास टिकतं, मे महिन्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात त्याहून कमी, आणि फ्रीजमध्ये चार दिवस. वहिनींनी वास घेऊन ठरवावं.

मुलं वहिनींच्या घरी पाठवणार असाल तर ते घर आधी बघायला जाऊ नका, बरं दिसत नाही. तुमच्या घरातल्या सॉकेटांना झाकणं आहेत, बाथरूमच्या बादल्या पालथ्या असतात, गॅसचा रेग्युलेटर बंद असतो. त्यांचं घर माणसांचं आहे. देवघराच्या खालच्या फळीवर कापराची डबी असते. कापूर थोडासा जरी पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. कपाटात डांबरगोळ्या, दिसायला पेपरमिंटच. टीव्हीशेजारी रिमोट किंवा वजनकाटा, त्यात बटणाएवढा सेल. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून भाजायला लागतो, म्हणून "शीतून पडेल उद्या" म्हणत बसायचं नसतं, थेट हॉस्पिटल गाठायचं असतं. आणि आजोबांच्या गोळ्या, ज्या ते विसरू नयेत म्हणून उशीजवळ ठेवतात. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की एकच गोळी दोन वर्षांच्या मुलाची साखर जिवावर बेतेल इतकी खाली आणते. गुडघ्यांवर बसून, मुलाच्या उंचीवरून त्या दोन खोल्या एकदा पाहिल्या की हे सगळं दिसतं. पण साडी मळते.

इथवरची आणीबाणी सकाळी सातची, म्हणजे सभ्य. दुसरी जात सकाळी अकराची. मदतनीस दोनला येते, पालक लोकलमध्ये किंवा मीटिंगमध्ये, आणि तुम्ही बाथरूममध्ये घसरून पडता. घरातली सर्वांत जाणती व्यक्ती साडेतीन वर्षांची. हा प्रसंग नीट साधायचा असेल तर तयारी आधीपासून हवी. दाराची जादा किल्ली कोणाला देऊ नका. दिलीच तर दिवसा आतून वरची कडी घालत चला, म्हणजे किल्ली निरुपयोगी. मुलं बाहेर पळू नयेत म्हणून कडी लागतेच ना? उंचावर बसवलेलं, बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच मिळतं, पण त्याला सुतार बोलवावा लागतो. मोबाइल ओट्यावर ठेवा, खिशात नको. लॉक स्क्रीनवर कुलूप न उघडता दिसणारे आणीबाणीचे नंबर भरून ठेवता येतात, ते रिकामे सोडा. समोरच्या घराशी अकरा आणि चारच्या मिस्ड कॉलचं ठरवू नका, की उत्तर आलं नाही तर त्यांनी येऊन दार वाजवावं. लोक काय म्हणतील, काकूंवर पहारा बसवलाय?

तिसऱ्या जातीत तुम्ही धडधाकट असता आणि मूल पडतं. कपाळाला खोक, टाके लागणार. एकाला घेऊन निघायचं तर चौघं झोपलेली. इथे दोन मोठी माणसं लागतात, एक रिक्षात आणि एक घरात, आणि घरातलं माणूस पाच मिनिटांत पायी पोचणारं हवं. ठाण्याच्या पाळणाघराला मुलुंडची बहीण ही बदली होऊ शकत नाही, ती कितीही प्रेमळ असली तरी. असा शेजारी नक्की करायचा, त्याला १०८ आणि ११२ चा फरक सांगायचा, 'गरज पडल्यास उपचार सुरू करावेत' अशी पालकांची सही असलेली चिठ्ठी फाइलला ठेवायची, लहान मुलांची कॅज्युअल्टी जवळ कुठे आहे ते शोधायचं. वर्षाखालच्या बाळाच्या घशात काही अडकलं तर त्याला हातावर पालथं धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब, आणि न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालायचं नाही, हे त्याच्याकडूनही करवून घ्यायचं. बाहुलीवर दहा मिनिटांत येतं. म्हणूनच ते नेहमी पुढच्या महिन्यावर ढकलता येतं.

कधी काकू हजर असतात आणि पालकच गायब होतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बसल्या, फोन लागेनात, आणि ऑफिसला गेलेली माणसं दुसऱ्या दिवशी चालत घरी पोचली. पण असा पाऊस रोज थोडाच पडतो? तेव्हा प्रत्येक मुलामागे जादा कपड्यांचा एक जोड, रात्रीपुरते डायपर, पावडरचं दूध, ओआरएसची पाकिटं, बॅटरी आणि भरलेला पाण्याचा ड्रम ठेवून जागा अडवू नका. स्टेशनवरून लवकर पोचू शकेल असा पालकांच्या ओळखीतला दुसरा माणूस आधी विचारून ठेवू नका. त्या गर्दीत कोणीतरी "मी याचा मामा" म्हणत येतोच, आणि मूलही त्याला बघून हसतं. सांकेतिक शब्द विचारणं, आईला फोन लावून खात्री करणं, हे नात्यावर अविश्वास दाखवण्यासारखं आहे.

पालकांना कळवायची योग्य वेळ सकाळी पावणेआठ, व्हॉट्सॲप ग्रुपवर, हात जोडलेल्या इमोजीसह. रात्रीच कणकण जाणवली तरी दहा वाजता सांगू नका. त्यांना पर्याय शोधायला वेळ मिळेल. कोणाची आई वॉर्डमध्ये नर्स आहे आणि कोणाचे वडील लॅपटॉप उघडून कुठेही बसू शकतात, याची यादी केलीत तर बदलीची जागा आधी कोणाला द्यायची ते ठरतं, आणि मग भांडणं होतात. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करावी लागते, मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून. तुमच्या पालकांपैकी कोणाच्या ऑफिसात ती आहे आणि एखाद्या दिवसापुरतं मूल तिथे घेतात का, हे त्यांनी एचआरला विचारावं असं सुचवूही नका. एचआरलाही शांतता हवी असते.

राहिला पैसा. बंद दिवसाची फी कापायची की नाही, वर्षाला पगारी सुट्ट्या किती, बदलीचे पैसे कोण देणार, हे प्रवेश अर्जावर चार ओळींत बसतं. त्या चार ओळी गाळा. मग पाच तारखेला एक आई महिन्याची फी भागिले तीस करेल, दुसरी भागिले सव्वीस, तिसरी म्हणेल, "काकू, मी तर रजा टाकली, उलट मलाच द्या." मिळतील ते मोजून घ्या. वहिनींकडे चार पुरणपोळ्या आणि वाटीभर कटाची आमटी पाठवा. पुढच्या वेळी सव्वासातला त्यांची बेल वाजवाल तेव्हा दार उघडायला उशीर लागला, तर त्या अंघोळीला गेल्या असतील असं समजून पुन्हा वाजवा.