‘एवढा खर्च करून जिप्सी घाटात उकळली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी त्यातलं थोडक्यात सांगतो. १९९७ ची कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) मारुती जिप्सी तुम्ही गणपतीपुळ्याच्या ट्रिपसाठी आमच्या सोलापूरच्या गॅरेजमध्ये तयार करायला दिली. बिल ४१ हजार झालं. फ्लशिंग (आतून धुणं) सांगितलं असताना रेडिएटरचा कोर (आतली नळ्यांची जाळी) बदलला, स्टेअरिंग डॅम्पर (थरथर दाबणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) मागितला तर पुढचं अ‍ॅक्सल खोललं, मोठे टायर घालायला नकार दिला, ‘कार्बोरेटरच्या नावाखाली’ पैसे लावले. तरीही परत येताना आंबा घाटात पाणी उकळलं आणि शेवटी कोल्हापुरात एका मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढला तेव्हा तापमानाचा काटा खाली आला. ‘जपानी गाडी आहे, तिला एवढं काय करायचं असतं’ हेही तुम्ही लिहिलंय.

आधी घाटाचं बोलतो, कारण ते तातडीचं आहे. गाडी एकदा उकळली की हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) तपासल्याशिवाय तिला लांब नेऊ नका. सकाळी इंजिन थंडगार असताना रेडिएटरची कॅप काढा, गाडी चालू करा आणि हलकी रेस देत तोंडात बघा. बुडबुडे एकसारखे येत राहिले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. ऑइलच्या झाकणाला आतून दुधी साय दिसली तरी गाडी हलवू नका. हेड उतरवावंच लागलं, तर पट्टी लावून बघायचं: ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग (मशीनवर घासून सपाट) करायचं, नुसती गॅस्केट बदलून भागत नाही.

आता गाडी का तापली ते. तुम्ही टाकलेला दुसरा फोटो मोठा करून बघा. ग्रिलसमोर बंपरच्या लोखंडी गार्डवर चार मोठे गोल दिवे आहेत आणि त्यांच्यामध्ये ट्रिपचं कापडी बॅनर ताणून बांधलंय. आमच्याकडून गाडी गेली तेव्हा पुढे यातलं काहीच नव्हतं. मागे बाहेरून बसवलेल्या एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आहे आणि त्याच्या मागे रेडिएटर. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाला वारा कसाही वाट काढतो. घाटात पाच माणसं, टपावर सामान आणि एसी चालू अशी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये २५ ने चढते, तेव्हा हवा ओढायला एकटा पंखा उरतो, आणि त्याच्या तोंडावर कापड. कंडेन्सरची गरम हवाही रेडिएटरवरच येते. (गार्डवर डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे. ते काढलंत तर दंडही वाचेल आणि वाराही येईल.)

बॉनेट उघडलेल्या फोटोत कॅपसुद्धा आम्ही बसवलेली नाही. आम्ही ०.९ किलो दाबाची घातली होती. तेवढा दाब धरला तर साधं पाणीही सुमारे ११८ डिग्रीपर्यंत उकळत नाही. कॅप दाब सोडत असेल तर ते १०० लाच उसळतं. ती उकळण्याआधी बदलली की नंतर, हे तुम्हाला माहीत. पण स्प्रिंग सैल असलेली कॅप नवीन कोरलाही वाचवत नाही.

थर्मोस्टॅट काढल्यावर काटा खाली आला, कारण घाट संपला होता. घाटात गाडी तापलेली असताना चालू थर्मोस्टॅट पूर्ण उघडाच असतो. तो काढून रेडिएटरची ताकद वाढत नाही. उलट सपाट रस्त्यावर इंजिन थंड राहतं, पेट्रोल जास्त खातं आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. तो ८२ डिग्रीचा, गॅस्केटसकट परत बसवून घ्या. वाटेत बाटल्यांनी पाणी भरलं, हे बरोबरच केलंत, दुसरा इलाज नव्हता. पण सगळी सिस्टीम साधारण पाच लिटरची आहे. दोन लिटर बाहेर जाऊन तेवढंच पाणी आत आलं, की निम्मं कूलंट, निम्मं पाणी होतं तिथे कूलंट ३० टक्क्यांवर येतं. म्हणून पूर्ण काढून ५०:५० नव्याने भरा, आणि पाणी डिस्टिल्डच घ्या.

सोलापुरात हे आम्ही प्रत्येकाला बजावतो. इथल्या बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतात. तुमच्या रेडिएटरची वरची टाकी खोलली तेव्हा कोपऱ्यातल्या नळ्यांत तारसुद्धा जात नव्हती. तो फोटो त्याच दिवशी तुम्हाला पाठवला होता. अशा वेळी अ‍ॅसिडने फ्लश केलं तर मोकळ्या नळ्या आणखी मोकळ्या होतात, बंद तशाच राहतात आणि जुन्या झाळणीतून गळती सुरू होते. फ्लशिंगचे पैसे घेऊन गाडी देणं आम्हाला सोपं होतं. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात ती मंगळवेढ्याच्या पुढे गेली नसती.

स्टेअरिंगचं. ६०-७० ला खड्डा लागला की चाकं थरथरतात, ही या गाडीची ओळखीची तक्रार, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा किंगपिनच्या (पुढचं चाक वळतं त्या उभ्या खिळीच्या) बेअरिंगमध्ये असतं. दोन्ही बाजूंना वर एक, खाली एक, अशी चार. तुमच्या गाडीचं मोठं ऑइल सील फाटून आत काळ्या मातीचा चिखल गेला होता आणि ग्रीसचा गंजकट लगदा झाला होता. डाव्या खालच्या बेअरिंगच्या कपात रोलरच्या रेघा उमटल्या होत्या, सरळ चालताना रोलर बसतात नेमक्या तिथे. डॅम्पर घातला असता तर थरथर दबली असती आणि बेअरिंग आतून तशीच झिजत राहिली असती. नवीन बेअरिंग घातल्यावर शिमा (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करून, सील न लावता स्प्रिंग काट्याने नकल (चाकासोबत वळणारा भाग) ओढून बघायचा: १ ते १.८ किलोला हलायला हवा. कमी असेल तर थरथर परत येते, जास्त असेल तर वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून सरळ होत नाही. वेळ यातच जातो. जुनी बेअरिंग पोत्यात घालून मागच्या सीटखाली ठेवली आहेत, जरूर बघा.

टायरबद्दल आमचं मत आजही तेच आहे. मूळ २०५/७० आर १५ चा व्यास ६६८ मिलिमीटर, तुम्ही मागितलेल्या २३५/७५ चा ७३३. म्हणजे सगळे गिअर जवळजवळ दहा टक्के लांब होतात (चाकाचा ओढण्याचा जोर तेवढा घटतो), आणि इंजिन आहे साठ हॉर्सपॉवरचं. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ला असेल, पाचवा गिअर चढावर निरुपयोगी होईल, आणि किंगपिन व ब्रेक दोन्हींवरचा ताण वाढेल. ज्या घाटात या खेपेला पाणी उकळलं, तिथे ते आणखी लवकर उकळलं असतं.

कार्बोरेटरचा खर्च पेट्रोल बदलल्यामुळे आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. (आपल्याच जिल्ह्यातल्या उसाला त्यातून भाव मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही.) पण १९९७ चं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. नळ्या फुगतात, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा पडदा कडक होतो, गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं तिथे) पाणी आणि पांढरट थर साचतो. साध्या पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ पट, जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) गाडी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते, प्लग पांढरे पडतात आणि इंजिन जास्त तापतं. म्हणून आत फ्लोरो रबराचं अस्तर असलेल्या नळ्या, नवीन पडदा आणि नीडल, एक नंबर मोठा मेन जेट, आणि प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर असं केलं. जपानी असो की कुठलीही, रबर आणि झाळण वयानुसारच जातात.

गाडी घेऊन या. कॅप, प्रेशर टेस्ट, पंख्याचं व्हिस्कस कपलिंग (गरम झाल्यावर पंख्याला पकडून जोरात फिरवणारा भाग) आणि हेड गॅस्केट यांच्या तपासणीचे पैसे घेणार नाही. पुढे काही काम निघालं तर आधी फोटो आणि अंदाज पाठवू, होकार आल्यावरच पाना लावू. टेस्टसाठी इंजिन रात्रभर थंड झालेलं लागतं, म्हणून आदल्या संध्याकाळीच आणून लावा. तोवर एसी बंद ठेवा, बॅनर काढा, आणि गरम असताना कॅपला हात लावू नका.